बर्वे वकील विरुद्ध उपरा उजेड

माणसं बायकोवर रागावतात, गड्यावर रागावतात, फार तर गाईवर रागावतात. बर्वे वकील उजेडावर रागावत. भर दुपारी अंगणात उभे राहून, धोतराचा सोगा खोचून ते ओरडायला लागत, "निघ! निघ म्हणतो ना! शिंच्या, तुला बोलावलं होतं कुणी?" आमच्या आळीत नवीन आलेल्या माणसाला वाटे, कुणाचं तरी ढोर परसात शिरलं. तो काठी घेऊन धावत येई. अंगणात ढोर नसे. ऊन असे.

मी त्यांचा शेजारी. मध्ये जांभ्या दगडाचं बुटकं कुंपण, म्हणजे गडगा. आमच्या रत्नागिरीत दोन घरांमध्ये गडगा असला की त्यावर तिसरं घर जगतं, ते वकिलाचं. बर्वे वकिलांचा सगळा जन्म असल्या गडग्यांवर गेला. अमक्याने गडगा हातभर पुढे सरकवला, तमक्याच्या फणसाची फांदी पलीकडे गेली, ढमक्याची बकरी अलीकडे आली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते एकाच नजरेने बघत. ती आपल्या हद्दीत आहे की दुसऱ्याच्या? मी शाळेत मास्तर. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही. मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला ठाऊक आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हा एका तापट माणसाने दुसऱ्या तापट माणसाबद्दल लिहिलेलं हे आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

भांडणाचं मूळ एक कॅमेरा. वकिलांचा एक अशील आगबोटीवर नोकरीला होता. त्याची आंब्याची बाग वकिलांनी चुलत्याच्या घशातून काढून दिली, म्हणून त्याने परदेशातून येताना हा जर्मन कॅमेरा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. मुठीत मावेल एवढा. तोवर आम्ही कॅमेरा बघितला होता तो तीन पायांवर उभा राहणारा आणि डोक्यावर काळं फडकं घेणारा. याला पाय नव्हते आणि फडकंही नव्हतं. पाठीमागे वाटाण्याएवढं एक भोक होतं. त्याला डोळा लावला की समोरचा माणूस दोनदा दिसे. एक ठसठशीत, आणि त्याच्या शेजारी तोच पुन्हा एकदा, फिकट. पुढचं चाक फिरवलं की फिकट मनुष्य हळूहळू सरकत जाऊन ठसठशीत मनुष्यावर बसे. बरोब्बर बसला की अंतर जुळलं, फोटो स्वच्छ येणार.

"हा वादी, हा प्रतिवादी," वकिलांनी मला समजावलं. "दोघांचा समेट झाला की कळ दाबायची. किती न्यायाचं यंत्र आहे, बघा!"

पण प्रतिवादी पडला दुबळा. जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या वकिलांचा डोळा त्या भोकाला चिकटत नसे. चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या फटीतून बाजूचं ऊन आत घुसे, आणि सगळं दृश्य ताक ओतल्यासारखं पांढरं होई. वादी कसाबसा दिसे. प्रतिवादी बेपत्ता. मग समेट कुणाशी करायचा?

"उपरा उजेड!" वकील कडाडत. "फोटोला उजेड हवा, कबूल. पण तो समोरून यावा, रीतसर. हा कडेने घुसतो तो कोण लागून गेला? याचा हक्क काय? हे सरळसरळ अतिक्रमण आहे."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, एवढा त्रास कशाला? दोरीने अंतर मोजा, चाकावर तेवढा आकडा लावा आणि मोकळे व्हा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आगरातला नारळ चोरला होता. "दोरी? आक्काच्या नाकाला दोरी लावू? जमिनीची मोजणी आहे का ती? आणि मास्तर, कळ दाबताना मला तिचं तोंड दिसायला हवं. न बघता दाबायची तर फोटो कशाला, आंगठा आहे का तो, धरून उठवायला?"

तर सगळा खटाटोप आक्काच्या फोटोसाठी होता. समुद्र, किल्ला, बंदरातली गलबतं, यांतलं काही काढायचं वकिलांच्या मनातही नव्हतं. आक्का त्यांची थोरली बहीण. परकरात असतानाच विधवा होऊन माहेरी आली. वडील आधीच गेलेले. पुढे आईही गेली तेव्हा वकील पाळण्यातून नुकते उतरले होते. आक्काने त्यांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि त्यांची बायको बाळंतपणात गेली तेव्हा पुन्हा तीच त्यांचं घर बघायला लागली. आता ती थकली होती. दमा होता. थंडीत तिची धाप गडग्यापलीकडे आम्हांला ऐकू येई. वकिलांना तिचा एक फोटो हवा होता. एक, पण स्वच्छ. आणि वेळ फार नाही, हे त्यांना आणि आम्हां सगळ्यांना दिसत होतं.

आक्काला ते कळत होतं आणि ती बधत नव्हती. "मज मेलीचा फोटो हवाय कशास? बोडकीला का कुणी चौकटीत बसवतं? लोक हसतील रे बाळू." साठीला आलेल्या आणि भर कोर्टात मुन्सफाला थरथर कापायला लावणाऱ्या माणसाला बाळू म्हणणारी जगात ती एकटीच होती. अंगणात यायला तिची साफ ना. फार गळ घातली तेव्हा म्हणाली, "मी मागल्या दारात तांदूळ निवडत्ये तेव्हा काय ते काढ. माझं लक्ष नसेल तिकडे." म्हणजे ती स्वयंपाकघराच्या सावलीत, मागे चुलीचा धूर, आणि वकील विहिरीपाशी रणरणत्या उन्हात. कॅमेऱ्यात बघायला याहून वाईट जागा साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडली नसती. पहिल्या खेपेचे फोटो मुंबईहून धुऊन आले. त्यांत रहाट इतका स्वच्छ होता की दोरीचे पीळ मोजावेत. आक्का म्हणजे दारात साचलेलं धुकं.

त्या दिवशी वकिलांनी उजेडावर दावा लावला.

पहिला उपाय करवंटीचा. नारळाच्या करवंटीची एक वाटी घासूनपुसून, तळाला भोक पाडून, आतून काजळ फासून त्यांनी ती कॅमेऱ्याच्या पाठीला राळेने चिकटवली. "गडगा घातल्याशिवाय उपऱ्याला अक्कल येत नाही," असं म्हणून त्यांनी त्या वाटीत डोळा खुपसला. सकाळभर खुपसला. मग वेळ झाली म्हणून कोट चढवून तसेच कोर्टात गेले. उजव्या डोळ्याभोवती काळंकुट्ट कडं, आणि करवंटीच्या काठाने भुवईवर ओरखडा. ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण?

त्यांचा अशील त्या दिवशी संगमेश्वराकडचा एक कुणबी होता. त्याने वकिलांचा डोळा बघितला. "वकीलसायेब, तुमांस पन मारलान?"

"कुणी मारलं?"

"त्येनीच, दुसरं कोन! माज्या गडग्यापायी तुमांवर हात टाकलान!"

वकील काही बोलायच्या आत तो व्हरांड्यात गेला आणि त्याने प्रतिवादीची मानगूट धरली. सोडवासोडव होईस्तोवर प्रतिवादीचाही एक डोळा काळा झाला होता. वकिलांना मुन्सफांपुढे खुलासा करावा लागला की आपल्याला कुणी मारलेलं नाही, हे काजळ आहे. साठीच्या वकिलाने डोळ्यात काजळ का घातलं, हे मुन्सफांनी विचारलं नाही. पण ते हसले. घरी येऊन वकिलांनी करवंटी गडग्यावर आपटली. ती माझ्या अंगणात पडली. "तुमची करवंटी," म्हणून मी ती परत टाकली, तर म्हणतात, "आता तुमच्या हद्दीत आहे, ठेवा!"

इथवर मी हसत होतो. मग त्यांनी माझी छत्री कापली.

छत्री मी त्यांच्या ओटीवर विसरलो होतो. मागायला गेलो तो काड्या कोपऱ्यात उभ्या आणि कापडाचा वकिलांनी बुरखा केलेला. तो डोक्यावरून घेऊन ते विहिरीपाशी उभे, आणि आक्का मागल्या दारात हसून हसून धापा टाकत होती. "अरे बाळू, हा काय बागुलबुवा! मला ठसका लागतोय, जा बघू!" आणि तिने दार लावून घेतलं.

"माझी छत्री!" मी ओरडलो.

"तुमची छत्री नालायक आहे!" बुरख्यातून उत्तर आलं. "कापड बाहेरून काळं, पण आतून चकाकतं! उपऱ्याला थारा देणारी छत्री! असली छत्री बाळगायची लाज वाटायला हवी मास्तर तुम्हांला!"

वाचकहो, आपलीच छत्री कापली जावी आणि वर आपणच बोलणी खावीत, असा प्रसंग तुमच्यावर आला आहे काय? मी त्यांना जे बोललो ते शाळेच्या बाकावर कुणा मुलाने लिहिलं असतं तर मी त्याची पाठ सोलली असती. पंधरवड्याने माझ्या सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा गेला. मी चौकशीला गेलो नाही. कुठे गेला ते ठाऊकच होतं.

पण छत्री आणि ट्यूब मी एक वेळ विसरेन. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी जे केलं ते विसरणं शक्य नाही.

लग्न आमच्या दारात. फोटो वकील काढणार, असं त्यांनी आपण होऊन कबूल केलेलं. आक्का कितीतरी दिवस आमच्या स्वयंपाकघरात राबत होती. लाडू तिचे, फणसाची भाजी तिची, पंगतीला कमी पडलं नाही ते तिच्या अंदाजामुळे. सगळी मंडळी अंगणात ओळीने बसली. नवरानवरी मध्ये, व्याही खुर्चीवर, मुलं खाली मांडी घालून. वकिलांनी कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, आणि विचारलं, "आक्का कुठाय?"

मग आमचे काका खाकरून म्हणाले, "अहो वकील, शुभकार्याचा फोटो. त्यांना कसं बसवायचं यात? त्यांचं त्यांनाच कळतं हो, त्या आपणहून आत थांबल्यात."

वकिलांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. घामाने व्याह्यांच्या पगडीचा काठ भिजला. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला, पिशवीत घातला आणि दोरी आवळली.

"उजेड वाईट आहे," ते म्हणाले.

"वाईट? एवढं लख्ख ऊन पडलंय!"

"तेच वाईट आहे." आणि ते निघून गेले. पाठोपाठ आमच्या मागल्या दाराने आक्का, पदराखाली तोंड घालून.

माझ्या पुतणीच्या लग्नाचा फोटो नाही. ती आज मंडणगडला आहे. मुलं विचारतात तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवते, कारण शेजार माझा. त्या संध्याकाळी मी गडग्यावरून वकिलांना काय वाटेल ते बोललो, आणि त्यांनी दुप्पट ऐकवलं. मग मी घरात आलो आणि काकांनाही बोललो. राग नक्की कुणाचा होता ते तेव्हाही धड कळत नव्हतं. पण उजेडाचा नव्हता, एवढं नक्की.

बोलणं बंद झालं. गडग्यापलीकडून कात्रीचा, ठोकण्याचा आणि शिव्यांचा आवाज मात्र येत राहिला. आणि वैशाखात एका सकाळी वकील गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर, भांडण नंतर करू. आधी हे बघा."

मी बघितलं. कॅमेऱ्याच्या पाठीला माझ्या ट्यूबचं रबर, गोल, मऊ, डोळ्याच्या खाचेत चष्म्यासकट बसणारं. त्याला आतून काळ्या लोकरीचं अस्तर. ते त्यांच्या कोर्टातल्या कोटाच्या बाहीचं होतं. एक बाही कोपरापर्यंत आखूड झाली होती. "काळं म्हणजे हे काळं," ते म्हणाले. "इतकी वर्षं खोटी साक्ष पचवलेलं कापड. उजेड गिळून ढेकर देत नाही." कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडच्या चिवट सालीची, एक छोटी उतरती झापडी, चुलीच्या काजळीने माखलेली. "मागे गडगा, पुढे पडवी. झालं घर!"

मी डोळा लावला. खरं सांगतो, माझा राग क्षणभर पळाला. मागल्या दाराचा तो अंधार विहिरीच्या पाण्यासारखा नितळ झाला होता. त्यात सूप घेऊन बसलेली आक्का, आणि तिच्या शेजारी दुसरी आक्का, फिकट, पण सुरकुतीन्‌सुरकुती दिसेलशी. मी चाक फिरवलं तशी दुसरी आक्का पहिलीत जाऊन बसली.

"द्या इकडे," म्हणून वकिलांनी कॅमेरा हिसकावला. विहिरीपाशी उभे राहिले. आज ओरडणं नाही, शिवी नाही.

"आक्का."

"काय रे?"

"काही नाही. वर बघ जरा."

तिने वर बघितलं. कुठलीशी हाक ऐकून बघावं तसं. कळ दाबल्याचा आवाज इतका बारीक होता की तिला कळलाही नसेल. ती पुन्हा तांदळाकडे वळली.

फोटो पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने आले. वकिलांनी मला हाक मारली. पाकीट उघडण्याआधी हात धोतराला पुसले. फोटो स्वच्छ आला होता. पदराखालचं कपाळ, हनुवटीवरचा तीळ, किंचित उघडे ओठ. वकील तो घेऊन आत गेले, मी मागे. आक्का माजघरात वाती वळत होती.

"बघ," एवढंच ते म्हणाले.

तिने हात पुसून फोटो घेतला, दाराच्या उजेडाकडे नेला, लांब धरला, जवळ धरला. आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगोबाई! आई! अरे, आईचा फोटो तुला मिळाला रे कुठे?"

मी शाळामास्तर. चुकीचं उत्तर ऐकलं की माझं तोंड आपोआप उघडतं. ते उघडलं, तशी वकिलांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे हिरवंनिळं झालं होतं.

"जुन्या पेटीत होता," वकील म्हणाले. "तळाशी."

"तरी मी म्हणत्ये! हीच, हीच रे! हनुवटी बघ, तीळ बघ. अशीच मागल्या दारात बसायची तांदूळ निवडत. कुणी काढलान कोण जाणे. तुला कुठली आठवायला, तू एवढासा होतास."

त्या घरात आरसा होता. ओटीच्या खिडकीत, वकिलांच्या दाढीचा. आक्का त्याच्यापुढे कधी गेली नाही. आरसा सौभाग्यवतीने बघायचा, असं तिला परकरात असताना कुणीतरी सांगितलं, आणि तिने ते जन्मभर पाळलं. तिने स्वतःचं तोंड शेवटचं बघितलं ते एका लहान मुलीचं. त्यानंतर तिचं वय वाढलं, गाल बसले, तीळ उमटला, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची आईही विधवेच्या आलवणातच, अकाली सुरकुतून गेली होती. मग तिची चूक ती काय? ज्याने कुणी तो नियम केला त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. मी त्याला मास्तरकीतलं सगळं शिल्लक भांडार ऐकवीन.

आम्ही ओटीवर येऊन बसलो. समोरच्याची जीभ जराशी घसरली तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलून आला होता, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

"सांगायला हवं होतं तिला," मी म्हटलं.

"काय सांगू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून तो मला ओळखूच आला नाही. "मास्तर, मला आई आठवत नाही. तोंड नाही, आवाज नाही, काही नाही. आणि आक्का म्हणते ही आई. तिने बघितली आहे, मी नाही. मी कुठल्या आधारावर नाही म्हणू?"

आतून आक्काचा आवाज येत होता. तिने फोटो देव्हाऱ्यात ठेवला असावा. ती आईशी बोलत होती. "बाळू मोठा वकील झाला हो. तापट आहे मेला, पण मनाने वाईट नाही. मी त्याला कधी उपाशी निजवला नाही हो आई. तुझ्या गळ्याची शपथ."

वकील उठले, चष्मा काढून हातात धरला, आत गेले आणि आक्काच्या शेजारी उभे राहून त्यांनी आईला नमस्कार केला.